एका घोटाचे दोन हिशेब

कॉलऱ्याने माणूस मरतो तेव्हा तो नेमका कशाने मरतो, याचे उत्तर मिळायला पाऊण शतक लागले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू ओळखला, पण तो जिवाणू आतड्यात काय करतो हे कोडे तसेच राहिले. ते सोडवले कलकत्त्यातच, शंभुनाथ डे यांनी. जिवाणू गाळून काढलेला द्राव त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला, आणि एकही जिवाणू नसताना तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले की कॉलरा म्हणजे एका अर्थी विषबाधा आहे. जिवाणू ते विष तयार करतो आणि शरीर आपले सगळे पाणी बाहेर ओतते. पुढे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी आणखी एक पायरी उलगडली. हे विष बनवण्याची जनुके मुळात जिवाणूची नाहीतच, जिवाणूला ग्रासणाऱ्या एका विषाणूने ती त्याच्यात आणून बसवली आहेत. एकाच रोगात जिवाणू, विषाणू आणि विष असे तिघे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. आपली शास्त्रे आणि आपली सरकारी खाती मात्र या तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. पाण्यातले जंतू आरोग्य विभाग पाहतो, भूजलातले क्षार भूजलवाले पाहतात, कारखान्याचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा पिण्याच्या पाण्याचा इतिहास नीट पाहिला तर या वाटणीची किंमत लोकांनी आपल्या देहाने चुकवली आहे असे माझे मत आहे. जंतूंच्या मागे लागून विषाकडे पाठ फिरवली, किंवा विषाच्या भीतीने जंतू विसरले, की आजार एका दाराने जाऊन दुसऱ्या दाराने परत आला.

या दोघांचे गणित मुळातच निराळे आहे. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने विषशास्त्राला दिलेले सूत्र असे की कोणतीही वस्तू विष ठरते ती मात्रेमुळे. शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड यांना ते बऱ्यापैकी लागू पडते: पाण्यात जेवढे आहे तेवढेच पोटात जाते, जास्त प्यायले तर जास्त. जिवाणूंना हा नियम पुरत नाही, कारण ते वाढतात. चमचाभर विरजण पातेलेभर दुधाचे दही करते, मिठाच्या चमच्याला ते जमत नाही. जिवाणू विरजणाच्या जातीचे आहेत आणि आर्सेनिक मिठाच्या. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. विषाणूची तऱ्हा तिसरीच. तो पाण्यात वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागते. पण नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेतून असे अब्जावधी कण बाहेर पडतात. पाणी उकळले की जिवाणू आणि विषाणू दोन्ही मरतात. आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र तिथेच राहतात, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. काळाचाही फरक आहे. दूषित पाण्याने जुलाब दोन दिवसांत लागतात, आर्सेनिकचे चट्टे त्वचेवर दिसायला दहा-दहा वर्षे जातात. रोग जितका उशिरा दिसतो तितके त्याचे मूळ शोधणे अवघड, आणि जबाबदार माणूस तोवर बदलून गेलेला असतो.

जंतूंविरुद्धची लढाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिंकली जाऊ लागली. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून अधिक माणसे गेली. त्याला लागून असलेले आल्टोना हे शहर त्याच एल्बे नदीचे पाणी पीत होते, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे. पण आल्टोना पाणी वाळूतून गाळून देत असे आणि तिथे साथ नावापुरतीच पसरली. दोन शहरांमधल्या हद्दीच्या रस्त्यावर एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला नाही, इतका स्वच्छ पुरावा साथीच्या इतिहासात क्वचित मिळतो. तरीही म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी तो मानला नाही. रोग जमिनीतल्या परिस्थितीवर अवलंबून असतो, नुसत्या जंतूने होत नाही, हे सिद्ध करायला त्यांनी त्याच वर्षी कॉलऱ्याच्या जिवाणूंचा द्राव पिऊन दाखवला आणि थोड्या जुलाबांवर त्यांचे निभावले. आज त्यांना चुकीचे म्हणून निकालात काढले जाते. जंतूबाबत ते चुकलेच. पण जंतू आणि माणूस यांच्यामधल्या परिसराची, गटारांची, घरांची, पोषणाची किंमत त्यांना कळली होती, आणि त्यांच्याच आग्रहामुळे म्युनिकमध्ये चांगली गटारे झाली. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने आपल्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरिन टाकायला सुरुवात केली आणि ही पद्धत जगभर गेली. पाणी शुद्ध आहे का हे ठरवायला एक सोपी खूणही मिळाली: शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये. हा जिवाणू विष्ठेतून येतो, तेव्हा तो नसला म्हणजे मैला मिसळलेला नाही, असा त्यामागचा तर्क.

हा तर्क कुठे तोकडा पडतो ते दिल्लीने दाखवले. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी ते ओळखले, तुरटी आणि क्लोरिन वाढवले, आणि जिवाणूंच्या दृष्टीने शहर वाचले. टायफॉइड आणि हगवणीची लाट आली नाही. काही आठवड्यांनी मात्र काविळीचा उद्रेक झाला. डोळे पिवळे झालेल्या रुग्णांचा अंदाज २९ हजारांच्या वर गेला, आणि गर्भवती स्त्रियांमध्ये आजार अधिक तीव्र होता. जिवाणू मारायला पुरलेले क्लोरिन विषाणूला पुरले नव्हते. ही कावीळ तेव्हा ओळखीच्या हिपॅटायटिस ए प्रकारची समजली गेली. १९८० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात, जुने नमुने पुन्हा तपासल्यावर ती वेगळीच निघाली; तिला आज हिपॅटायटिस ई म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळे क्लोरिन हवे असे म्हटले आहे, आणि विषाणूपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. या दोन आकड्यांमधल्या फरकाचे महत्त्व दिल्लीच्या त्या हिवाळ्यावरून कळते. क्लोरिनलाही मर्यादा आहे, हे १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात दिसले. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या, क्लोरिनला दाद न देणाऱ्या एकपेशीय जीवाने तिथे सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले.

आता बंगालकडे वळू, कारण या सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात लोक पिढ्यान्‌पिढ्या तळी, पोखरे आणि नद्यांचे पाणी पीत आले, आणि पोटाच्या विकारांनी मुले मरत राहिली. १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफसारख्या संस्थांच्या मदतीने उथळ कूपनलिकांची मोहीम चालली. हापसा मारला की थंड, स्वच्छ, जंतूविरहित पाणी. लोकांनी हा उपाय इतका आपलासा केला की पुढच्या असंख्य कूपनलिका त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम बंगालमधल्या खेड्यांतून तळहातावर कठीण गाठी आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेले रुग्ण कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये येऊ लागले. त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी ही आर्सेनिकची विषबाधा असल्याचे ओळखले, आणि जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी पुढे गावोगावचे पाणी तपासून तिचा विस्तार दाखवला. बांगलादेशात सरकारी पातळीवर ही गोष्ट १९९३ मध्ये नोंदली गेली. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातल्या एका लेखाने साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज दिला आणि एखाद्या लोकसंख्येवरची इतिहासातली ही सर्वांत मोठी विषबाधा असल्याचे म्हटले.

हे आर्सेनिक कुणा कारखान्याने टाकलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून बसलेले असते, आणि जमिनीखाली ऑक्सिजन नसलेल्या थरांत राहणारे जिवाणू श्वसनासाठी त्या लोहाचा उपयोग करतात तेव्हा ते सुटून पाण्यात उतरते. वरच्या पाण्यातल्या जिवाणूंपासून पळालेले लोक खालच्या जिवाणूंनी मोकळ्या केलेल्या विषापाशी पोचले. मला या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ती तपासणीची गोष्ट. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भशास्त्रीय संस्थेने बांगलादेशातल्या कूपनलिकांच्या पाण्याची पाहणी केली, अनेक घटक मोजले, आर्सेनिक मोजले नाही. पुढे यावरून ब्रिटनमध्ये दावा झाला आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने संस्थेवर ती जबाबदारी येत नव्हती. कायद्याचे ते उत्तर मान्य केले तरी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरतोच: कोट्यवधी लोकांना नवा पाणीसाठा द्यायचा, आणि त्यात काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, ही व्यवस्था चालते कशी? नंतर सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित असतील त्यांना हिरवा रंग आणि नसतील त्यांना लाल रंग फासला गेला, आणि लाल रंगाच्या निघाल्या १४ लाखांच्या आसपास.

मग कूपनलिका खणायलाच नको होत्या का? असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचा संताप मला समजतो. पण पुरावा त्यांच्या बाजूने पूर्ण नाही. ज्या घरांना आर्सेनिकची कूपनलिका सोडून दूरचा किंवा उघड्या पाण्याचा स्रोत घ्यायला लावले गेले त्यांच्यात बालमृत्यू वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात दिसले. हळू मारणारे विष टाळण्याच्या धडपडीत लगेच मारणारे जंतू परत आले. म्हणूनच क्रम लावायचा झाला तर मी जंतूंना आधी ठेवीन. वर्षाच्या मुलाला पन्नाशीत होणाऱ्या कर्करोगापासून वाचवण्यासाठी ते आधी दोन वर्षांचे झाले पाहिजे. पण या क्रमाचा अर्थ विषाची तपासणी नंतर कधीतरी करू, असा काढता येत नाही. तीच कूपनलिका अधिक खोल, साधारण दीडशे मीटरच्या खाली नेली तर बहुतेक ठिकाणी आर्सेनिक कमी मिळते. म्हणजे दोन्ही साधणारा उपाय होता, फक्त आधी मोजायला हवे होते. साध्या साधनांनाही इथे जागा आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात जुनी साडी चार पदरी दुमडून पाणी गाळले तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, कारण कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना चिकटलेले असतात आणि प्लवक कापडात अडकतात. विषाणू त्याच कापडातून सहज निघून जातात आणि आर्सेनिकला तर कापड दिसतही नाही. उपाय कशावर चालतो आणि कशावर नाही, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगण्याची सवय हवी.

दुसरा आक्षेप क्लोरिनवर आहे. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले की नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. त्यांतल्या काहींचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, आणि म्हणून पाण्यात रसायन नकोच, असे म्हणणारा वर्ग तेव्हापासून आहे. शंका खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: ही संयुगे कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नये. ती कमी करण्याचा मार्ग क्लोरिन टाकण्याआधी पाणी नीट गाळून सेंद्रिय कचरा काढणे हा आहे. क्लोरिनच्या बाजूनेही एक गोष्ट फार सैलपणे सांगितली जाते. १९९१ मध्ये पेरूमध्ये कॉलरा पसरला, त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक रुग्ण झाले, आणि कर्करोगाच्या भीतीने क्लोरिन बंद केल्यामुळे हे घडले असे क्लोरिनचे समर्थक वारंवार सांगतात. त्रुहियो शहरात नळाच्या पाण्यात क्लोरिन टाकले जात नव्हते हे खरे. पण फुटके नळ, चोरून घेतलेल्या जोडण्या, मैल्याची मोकळी गटारे आणि पैशाची चणचण हे सगळे तिथे होतेच. एकट्या भीतीवर खापर फोडणे पुराव्याला धरून नाही, आणि चांगल्या बाजूसाठी कच्चा पुरावा वापरला की पुढच्या वेळी लोक पक्क्या पुराव्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

जंतू आणि विष एकाच चुकीतून कसे उगवतात हे अमेरिकेतल्या फ्लिंट शहराइतके दुसरीकडे क्वचित दिसेल. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉइटचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे घेतले, आणि नळ गंजू नयेत म्हणून घालायचे फॉस्फेट घातले नाही. उन्हाळ्यात पाण्यात मैल्याचे जिवाणू सापडले, म्हणून क्लोरिन वाढवले. क्लोरिनमुळे रूक यांनी दाखवलेली संयुगे मर्यादेबाहेर गेली. गंजणाऱ्या जुन्या नळांतून शिसे उतरले आणि लहान मुलांच्या रक्तात पोचले. गंजलेले लोखंड नळातले क्लोरिन खाऊन टाकत होते, आणि त्याच काळात परिसरात लेजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाने बारा जणांचा जीव घेतला. तिथल्या मोटार कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी ऑक्टोबर २०१४ मध्येच बंद केले होते; माणसांसाठी ते आणखी वर्षभर चालू राहिले. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या दिवशीच्या अहवालातला एकच आकडा दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला, आणि प्रत्येक दुरुस्तीने शेजारचा आकडा बिघडवला.

आपल्याकडे मध्यमवर्गाचे उत्तर ठरलेले आहे: घरात आरओ बसवा. आरओचा पडदा आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट अडवतो, यात वाद नाही. पण त्याच यंत्रातला कोळशाचा थर नळातून आलेले क्लोरिनही शोषून घेतो, आणि मग ते पाणी टाकीत किंवा जारमध्ये बिनसंरक्षण पडून राहते. टाकी, तोटी, जार यांपैकी एक जरी अस्वच्छ असेल तर पुढे जंतूंना अडवणारे काही उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा महापालिकेला विहिरीच्या पाण्यातल्या क्लोरिनबरोबरच खासगी आरओ केंद्रांकडेही पाहावे लागले, आणि त्यांतली काही बंद करावी लागली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला जी प्रतिपिंडे तयार करते तीच क्वचित एखाद्याच्या नसांवर उलटतात आणि हातपाय लुळे पडतात. इथे विष नाही, मात्रेचा सरळ हिशेबही नाही, जुलाब थांबल्यावर आजार सुरू होतो. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांना शहराचे पाणी मिळते पण शहराची शुद्धीकरण यंत्रणा मिळतेच असे नाही, आणि ही उणीव घरोघरच्या यंत्रांनी भरून निघत नाही. ज्याला यंत्र परवडते तो सार्वजनिक नळाबद्दल बोलायचे थांबतो, हे मला आरओचे सर्वांत मोठे नुकसान वाटते.

विष जंतूंना बळ देते अशीही एक वाट आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथे औषध कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी २००७ मध्ये तपासले गेले तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन प्रतिलिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले, रुग्णाच्या रक्तात उपचाराच्या वेळी असते त्याहूनही जास्त. अशा पाण्यात तेच जिवाणू टिकतात ज्यांच्यावर औषध चालत नाही. २०११ मध्ये दिल्लीतल्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत एनडीएम-१ हे बहुतेक प्रतिजैविके निकामी करणारे जनुक सापडले. हे कुणाच्या खात्यात टाकायचे? रसायन म्हणून पाहिले तर थेट विषारी नाही, जंतू म्हणून पाहिले तर ई. कोलायच्या चाचणीत दिसत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: गरीब देशाने, छोट्या ग्रामपंचायतीने हे सगळे कसे मोजायचे? महाराष्ट्राच्या गावात याची अर्धी व्यवस्था आधीपासून आहे. जलसुरक्षक टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल पावडर टाकतो, अर्ध्या-एक तासाने ओटी टेस्ट घेतो, पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरिन आहे. पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन हवे. उघड्या पोत्यात ती पडून राहिली की ते उडून जाते, म्हणून पावडरही तपासतात. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. ही रोजची, स्वस्त, जंतूंविरुद्धची तटबंदी आहे आणि ती मी कुठल्याही महागड्या यंत्राच्या वर ठेवीन. पण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे तिथे ओटी टेस्ट पिवळीधमक येईल आणि मुलांचे दात तरीही डागाळतील, पुढे हाडे वाकतील. राज्यातल्या अनेक विहिरींत खताचे आणि मैल्याचे नायट्रेट प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आहे. तान्ह्या बाळाच्या पोटातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. जंतूंच्या भीतीने आई तेच पाणी जितके उकळेल तितके नायट्रेट दाट होईल. हे मोजणे रोज करायची गरजच नाही, कारण खडकातले फ्लोराइड एका रात्रीत बदलत नाही. नवा बोअर घेताना एकदा, आणि मग पावसाळ्याआधी व नंतर वर्षातून दोनदा एवढे पुरते. भूजलाची प्रयोगशाळा जिल्ह्यात असतेच. फ्लोराइड निघाले तर तुरटी आणि चुना वापरणारी नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकातच तयार केली आहे. अडचण खर्चाची कमी आणि कागदाची जास्त आहे: क्लोरिनचा निकाल आरोग्य केंद्राच्या वहीत जातो, फ्लोराइडचा निकाल भूजल विभागाच्या अहवालात, आणि ज्या बोअरचे दोन्ही निकाल आहेत त्या बोअरवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. बांगलादेशने लाल-हिरवा रंग थेट हापशावर फासला. आपल्या पंचायतीच्या कार्डावर जंतूंच्या रकान्याशेजारी स्रोतातल्या फ्लोराइड आणि नायट्रेटचा शेवटचा आकडा आणि तारीख छापायला नवा कायदाही लागत नाही, नवे खातेही लागत नाही.